नागिणीचं तोंड आणि शेपूट

अंगातले पाहुणे : लेखांक ६

जिंतूर असो की गंगाखेड, परभणी जिल्ह्यात कुणाला ‘नागीण उठली’ की दवाखान्याआधी जाणत्याचं घर आठवतं. कुणी गेरूचा लेप देतं, कुणी मंत्र टाकतं. घरातली म्हातारी माणसं फोडांची रांग कुठवर सरकली ते रोज बघतात. धास्ती एकच : नागिणीचं तोंड शेपटीला भेटलं की माणूस हातचा गेला.

हे तोंड शेपटीला का भेटत नाही, ते कळलं की आजारही कळतो.

मागच्या लेखांकात आपण कांजिण्यांपाशी थांबलो होतो. फोड वाळतात, खपल्या पडतात, पोर शाळेत जाऊ लागतं. विषाणू मात्र जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींत जाऊन बसतो. आपल्या गुणसूत्रांत मिसळत नाही. पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए कड्यासारखा वेगळा राहतो. त्याची सुमारे ७० जनुकं जवळजवळ सगळी गप्प असतात. पाऊस लांबला की ढेकळाखाली बी पडून राहावं, तसा तो वर्षानुवर्षं पडून असतो.

नागीण म्हणजे हे बी उगवणं. ही गोष्ट नोंदींच्या आधारानं मांडली ती इंग्लंडमधल्या सिरेनसेस्टर या लहान गावच्या डॉक्टरनं. एडगर होप-सिम्पसन यांनी १६ वर्षं आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्यांत नागिणीचे १९२ रुग्ण होते. वय वाढेल तशी नागीण वाढत होती. १९६५ साली त्यांनी लिहिलं, की विषाणू आतच असतो. राखण सैल पडली की उठतो.

ही राखण करतात टी-पेशी. मोंढ्यात पोत्यातला मूठभर माल काढून दाखवावा, तशी आपली पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडते. टी-पेशी ती मूठ तपासतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की पेशीचा निकाल लावतात. विषाणूही कच्चा नाही. तो ही मूठ वर येण्याआधीच अडवतो. मग दुसरे राखणदार पुढे येतात, ‘नॅचरल किलर’ पेशी. जे पोतं नमुनाच दाखवत नाही, त्याच्यावरच त्यांचा संशय! उतारवयात या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींचा जोर ओसरतो. रक्तात प्रतिपिंडं असूनही नागीण उठते, ती यामुळे.

पण सगळ्यांची राखण सारखी नसते. परभणीकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूपुढे टिकली, कारण संकरातून तिच्यात रानटी भेंडीची जनुकं आली होती. पुढे त्या विषाणूनंही वाट काढली, ती गोष्ट निराळी. माणसातही जनुकं बोलतात. कांजिण्यांचा विषाणू मेंदूत किंवा फुफ्फुसांत उतरलेल्या, एरवी धडधाकट अशा काही मुलांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशीत शिरलेला परका डीएनए हुंगून काढणारं ‘पॉलिमरेज-३’ नावाचं एक यंत्र असतं. या मुलांत त्याच्याच जनुकांत दोष निघाला.

आता तोंड-शेपटीकडे येऊ. कण्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. जोडीतली डावी नस डाव्या अंगाचा पट्टा सांभाळते, उजवी उजव्या. विषाणू सहसा एकाच गाठीत जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणून फोड पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन छातीच्या मध्यावर थांबतात. नागिणीला उरलेलं अर्धं अंग मिळतच नाही. एचआयव्ही किंवा कर्करोगाच्या उपचारांनी राखणच मोडली, तर फोड अंगभर पसरू शकतात. तेव्हा धोका खरा असतो, पण तो वेटोळं पुरं झाल्याचा नव्हे.

फोड दोन ते चार आठवड्यांत आपसूक वाळतात आणि श्रेय मंत्राला जातं. या नादात हातचे जातात ते पहिले ७२ तास. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या तेवढ्यात सुरू झाल्या तर सर्वांत जास्त गुण देतात. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेळ गेली की म्हाताऱ्या माणसाला आग आणि ठणका महिनोन्‌महिने सोसावा लागू शकतो.

आणखी एक. आजोबांच्या फोडांतल्या पाण्यातून नातवाला नागीण होत नाही. कांजिण्या मात्र होऊ शकतात. तेव्हा रांग कुठवर आली हे बघत बसण्यापेक्षा खपल्या धरेपर्यंत ती झाकून ठेवावी आणि तान्ह्याला, गरोदर सुनेला जरा लांब ठेवावं. आजोबांनी साठ वर्षं सांभाळलेला पाहुणा पुढच्या घरी जातो तो असा.

पुढच्या आठवड्यात गोठ्यात जाऊ. गाभण गाय गाभडते, त्यामागेही कधी कधी याच कुळातला विषाणू असतो.