‘या’ : दोन अक्षरांचा स्पॅनिश शब्द

मागच्या वेळी आपण ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदं पाहिली. आज एकच छोटा शब्द घेऊ या : ‘या’. आपल्या ‘या, बसा’मधला ‘या’ नव्हे बरं का. उच्चार तोच, पण अर्थाचा काही संबंध नाही. ब्वेनोस आयरेसला गेलात तर हाच शब्द ‘शा’ असा ऐकू येईल, तेव्हा गोंधळू नका.

शब्दकोशात ‘या’पुढे ‘आधीच’ असा अर्थ दिसतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. लॅटिनमधल्या ‘याम’पासून आलेला हा शब्द मुळात एवढंच सांगतो की काहीतरी बदललंय, एक रेघ ओलांडली गेलीय. हे धरून ठेवलं की बाकीचे अर्थ आपोआप सुटतात.

‘या कोमी’ म्हणजे ‘माझं जेवण झालं’. स्पेनमध्ये बरेच जण ‘या ए कोमीदो’ म्हणतील, लॅटिन अमेरिकेत ‘या कोमी’ जास्त. नुसतं ‘कोमी’ म्हटलं तर ‘जेवलो’. ‘या’ लावला की ते काम हातावेगळं झालं. काम संपलं की ‘या एस्ता’, आपलं ‘झालं!’. ‘या लो से’ म्हणजे ‘माहितीये मला’. इथे सूर सांभाळा, नाहीतर फटकारल्यासारखं वाटतं. ‘या बेरेमोस’ म्हणजे ‘बघू पुढे’, आणि आपल्या ‘बघू’सारखंच त्यात बहुधा वचन नसतं. ‘या बास्ता’ म्हणजे ‘बास झालं आता’. १९९४ च्या १ जानेवारीला मेक्सिकोच्या चियापासमध्ये झापातिस्तांनी उठाव केला, तेव्हा त्यांची घोषणा हीच होती.

आता मराठी माणूस हमखास कुठे अडकतो ते बघू. आतून आई हाक मारते, ‘जेवायला ये!’ आपण जागचं न हलता म्हणतो, ‘आलो, आलो!’ स्पॅनिशमध्ये इथे ‘या बोय’ म्हणायचं. शब्दशः पाहिलं तर ‘आता जातो’, कारण स्पॅनिश माणूस स्वतःच्या जागेवरून बोलतो; मी इथून तिकडे निघालो, म्हणून ‘जाणे’. आपण ‘येणे’ पकडून ‘या बेंगो’ म्हटलं की लॅटिन अमेरिकेत त्याचा अर्थ होतो ‘जाऊन आलोच’. म्हणजे ज्याने हाक मारली त्याला वाटणार, हा आणखी कुठेतरी निघाला!

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा नकाराचा. ‘अजून नाही’ आणि ‘आता नाही’ यांत आपण मराठीत गल्लत करत नाही. स्पॅनिशमध्ये ‘अजून नाही’ म्हणजे ‘तोदाबिआ नो’ आणि ‘आता नाही’ म्हणजे ‘या नो’. शिकणारा मात्र ‘या म्हणजे आधीच, मग या नो म्हणजे अजून नाही’ असा हिशोब करतो. समजा, डॉक्टरांनी विचारलं, ‘औषध घेताय का?’ तुम्ही अजून सुरू केलेलं नाही आणि उत्तर दिलंत ‘या नो’. डॉक्टर समजणार की घेत होता, बंद केलं. पुढचा सगळा सल्ला त्या समजावर बेतणार. म्हणून हे दोन शब्द सुटे पाठ करू नका, जोडीनेच म्हणा : तोदाबिआ नो, रेघ अजून ओलांडायची आहे, या नो, रेघ ओलांडून झाली.

याच ‘या नो’ची एक हळवी बाजूही आहे. एखाद्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही नवऱ्याबद्दल विचारलंत आणि ती हळूच म्हणाली, ‘या नो एस्ता’, तर ‘कुठे गेलेत?’ असं विचारू नका. आपणही ‘ते आता नाहीत’ असंच म्हणतो. मरणाचा शब्द तोंडावर न आणता दोन्ही भाषा तेच सांगतात.

जाता जाता, ‘या के’ हा जोडशब्द ‘ज्याअर्थी’ म्हणून येतो, तो वेगळा लक्षात ठेवा.

घरचा अभ्यास : दिवसभरात तुम्ही ‘झालं’, ‘आलोच’, ‘बघू’ आणि ‘आता नको’ किती वेळा म्हणता ते मोजा आणि प्रत्येक ठिकाणी ‘या’ बसतो का ते तपासा. पुढच्या वेळी ‘पोर’ आणि ‘पारा’.