औंधच्या डोंगरावरील चित्रशाळा

बिबवेवाडीतील एखाद्या शाळेने सहलीच्या सूचनापत्रात नुसते ‘औंध’ असे लिहिले, तर बहुतेक पालकांची समजूत अशी होईल की, मुले विद्यापीठापलीकडच्या औंधला जाऊन दुपारपर्यंत परत येणार. पुणे शहराच्या वायव्येस असलेले औंध वेगळे आणि येथे ज्याचा विचार करावयाचा आहे ते सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध वेगळे. या दुसऱ्या औंधला जाण्यासाठी बिबवेवाडीहून शहराकडे तोंड न करता उलट दिशेने निघावे लागते. सातारा रस्त्याने कात्रजचा घाट ओलांडावा, पुढे खंबाटकी चढून साताऱ्यास पोहोचावे व तेथून रहिमतपूरमार्गे औंध गाठावे. एकूण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. पहाटे निघाल्यास एका दिवसात जाऊन येता येते. मात्र वाटेत आणखी चार स्थळे ‘उरकण्याचा’ मोह आवरला पाहिजे.

या आडवळणाच्या गावी, यमाईदेवीच्या डोंगराच्या मध्यावर, श्रीभवानी संग्रहालय उभे आहे. राजा रविवर्म्याचे ‘सैरंध्री’ हे चित्र तेथे आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर, बाबूराव पेंटर व माधव सातवळेकर यांची चित्रे तेथे आहेत. आणि विसाव्या शतकातील एक अग्रगण्य शिल्पकार म्हणून जगभर मान्यता पावलेल्या हेन्री मूर या इंग्रज कलावंताचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्पही तेथेच आहे. मोठ्या शहरांतील संग्रहालयांना भूषण वाटावे असा हा ठेवा कमी पावसाच्या खटाव तालुक्यातील एका गावी कसा आला, हे कळल्याशिवाय ही सहल पुरी होत नाही.

प्रतिनिधींचे घराणे आणि चित्रकार राजा

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात परशुराम त्र्यंबक यांच्या कर्तृत्वामुळे प्रतिनिधिपद या घराण्याकडे आले. औंध हे पुढे याच घराण्याचे संस्थान झाले. संस्थान लहान, सुमारे पाचशे चौरस मैलांचे, आणि तेही एकसंध नव्हे. औंधचा परिसर एकीकडे, आटपाडी व कुंडल दुसरीकडे, तर गुणदाळचा तुकडा थेट विजापूरकडे. उत्पन्न बेताचे आणि पाऊसही बेताचाच.

१९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे पदवीधर. सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक, कीर्तनकार आणि स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने रामायणाची चित्रमालिका काढून ती १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी अनुक्रमे १९२९ व १९३२ मध्ये मार्गदर्शक पुस्तके लिहिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, त्यामागे बाळासाहेबांचे मोठे अर्थसाहाय्य होते. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ जागा मिळाली ती याच संस्थानात, आणि वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी आपला स्वाध्याय मंडळाचा संसार थाटला तोही औंधमध्येच. पंडितजी मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. संग्रहालयात ज्यांची चित्रे आहेत ते माधव सातवळेकर हे त्यांचेच चिरंजीव. ते पुढे महाराष्ट्र राज्याचे कला संचालक झाले.

पंचायत सदस्यांनी एका योगायोगाकडे अवश्य लक्ष द्यावे. संग्रहालयाची इमारत पूर्ण झाली ते वर्ष १९३८. त्याच वर्षी बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचा मनोदय जाहीर केला आणि १९३९ च्या जानेवारीत औंधची नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या रचनेत महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. गावोगावच्या निवडून आलेल्या पंचायती हा त्या घटनेचा पाया होता. राजवाड्यातील चित्रे लोकांसाठी डोंगरावर गेली आणि राजवाड्यातील अधिकार लोकांसाठी गावात उतरला, या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांची भिंतीविना वसाहत, हाही त्याच काळातला प्रयोग. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामुळे तो देशभर पोहोचला. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. त्यानंतर संग्रहालयाची जबाबदारी शासनाकडे आली व आज ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे.

एका चित्रापुढे अर्धा तास

शाळेच्या सहली संग्रहालयात शिरतात आणि बाहेर पडतात, तो वेग पाहिला म्हणजे मनाला वाईट वाटते. ओळीने चला, हात लावू नका, पुढे सरका, या तीन आज्ञांत पाहणे संपते. प्रस्तुत लेखकाची शिक्षकांना अशी विनंती आहे की, सर्व दालने पाहण्याचा आग्रह सोडावा आणि एका चित्रापुढे मुलांना अर्धा तास बसवावे. ‘सैरंध्री’ हे त्यासाठी फार सोयीचे चित्र आहे.

कथा मुलांना ठाऊक असते. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीची, सुदेष्णेची, दासी सैरंध्री होऊन राहिली. राणीने तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने आपला भाऊ कीचक याच्या महालात पाठविले. पुढे काय वाढून ठेवले आहे हे दोघींनाही कळत होते. रविवर्म्याने कीचकवधाचा भीषण प्रसंग न निवडता त्याआधीचा हा क्षण निवडला. असे का केले असावे, हा प्रश्न वर्गाला विचारावा. उत्तर सांगून टाकू नये.

मग त्याच नावाचा धागा पुढे न्यावा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ नाटक लिहिले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला आणि सैरंध्रीत पारतंत्र्यातील देशाला ओळखले. सरकारनेही ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२० मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हीच कथा मूकपटात आणली. चित्रपटाचे नाव ‘सैरंध्री’. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की परीक्षण मंडळाने ते कापावयास लावले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. या बाबूरावांचीही चित्रकला याच संग्रहालयात आहे. इतिहास, मराठी व चित्रकला या तीन तासिकांचे काम एका भिंतीपाशी होऊ शकते, आणि तेही फळा-खडूविना.

येथे कायद्याचीही एक बाब सांगितली पाहिजे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये केंद्र शासनाने १९७९ साली रविवर्म्याच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. अशी कृती देशाबाहेर विकता येत नाही. खेड्यातील मूल ज्या चित्रापुढे उभे राहते, ते साऱ्या राष्ट्राने जपावयाचे म्हणून नोंदविलेल्या कलावंताचे आहे, हे त्यास समजावून द्यावे.

संग्रहालयात नामवंत युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृतीही दिसतात. ‘खरे नव्हे, नक्कल आहे’ असे म्हणून लोक पुढे जातात, ते योग्य नाही. ज्या काळी रंगीत छपाई दुर्मिळ होती, त्या काळी प्रतिकृती हेच चित्रशिक्षणाचे पाठ्यपुस्तक होते. शिवाय प्रतिकृतीचे मोल कधी कधी फार उशिरा कळते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्म झाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती केल्या, तर त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. इकडे लेण्यांतील मूळ रंग झडत होते. तेव्हा नक्कल म्हणून नाक मुरडण्यापूर्वी थोडे थांबावे.

दगडातील माय

हेन्री मूर हा १८९८ साली इंग्लंडमधील कॅसलफर्ड या खाणगावी कोळसाखाणीतील कामगाराच्या घरी जन्मला. आई आणि मूल हा विषय त्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा हाताळला. मातीचा नमुना आधी करून मग कारागिराकडून दगडात उतरविण्याची रूढ पद्धत त्याने तरुणपणी नाकारली. दगड स्वतः, थेट छिन्नीने घडवावा आणि त्याचे दगडपण लपवू नये, असा त्याचा आग्रह होता. म्हणून औंधचे हे शिल्प प्रथम पाहणारास ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे. नाक-डोळे रेखीव नाहीत, दागिने नाहीत, वस्त्राच्या चुण्या नाहीत. ज्यांनी गावच्या शिवेवरचा शेंदूर माखलेला तांदळा पाहिला आहे, त्यांना मात्र हा दगड परका वाटू नये. कमीत कमी घडवून अधिकात अधिक भाव दाखविणे आपल्या लोकदैवतांच्या मूर्तिकारांस अपरिचित नव्हते.

मूरची मोठी शिल्पे पुढे उघड्यावर, गवतात व झाडांत मांडली गेली. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील ब्रेटन हॉल या जुन्या जहागिरीच्या आवारात १९७७ साली शिल्पोद्यान सुरू झाले, त्यास मूरचा पाठिंबा होता. पेरी ग्रीन या त्याच्या राहत्या गावी त्याच्या शिल्पांभोवती मेंढ्या चरतात. मोकळी जागा शिल्पास मानवते. परंतु धोकाही तेथेच असतो. डिसेंबर २००५ मध्ये पेरी ग्रीन येथून दोन टन वजनाचे एक ब्राँझ शिल्प चोरांनी वाहनात घालून नेले. त्याची किंमत तीस लाख पौंड मानली जात होती. ते वितळवून भंगार म्हणून विकले गेले असावे, आणि त्यातून चोरांना जेमतेम दीड हजार पौंड मिळाले असावेत, असा पोलिसांचा अंदाज होता.

औंधचा डोंगर हाही एका परीने असाच उद्यान-परिसर आहे. खाली राजवाडा आणि गावातील यमाईचे मंदिर, मध्ये संग्रहालय, वर देवीचे मूळपीठ. पायऱ्या चढत गेल्यास एकाच वाटेवर देवघडणीचा दगड आणि कलावंताने घडविलेला दगड दोन्ही भेटतात. चढ असल्याने वृद्ध व लहान मुले यांच्यासाठी वेळ राखून ठेवावा, पिण्याचे पाणी सोबत घ्यावे आणि संग्रहालयाचा सुटीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. छायाचित्रांबाबत तेथील नियम असतील ते पाळावेत. शिल्पास हात लावू नये, कारण तळहाताचा घाम व तेल दगडात मुरते. शंभर मुलांच्या शंभर बोटांनी काय होते, हे कोणत्याही जुन्या देवळाच्या उंबऱ्यावर पाहावयास मिळते.

जाण्यापूर्वी एक तयारी पुण्यातच करता येईल. बिबवेवाडीहून शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय फार दूर नाही. दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंत कला शोधली, तर बाळासाहेबांनी चित्रकाराच्या नजरेने संग्रह केला. दोघांच्या आवडीतील अंतर मुलांनी स्वतः शोधून लिहावे; निबंधाला याहून चांगला विषय क्वचित मिळेल.

आता गावच्या बाजूने थोडे. सहलीहून परतलेल्या मंडळींनी आपल्या गावचे मारुतीचे देऊळ एकदा त्याच नजरेने पाहावे. पुष्कळ गावांत देवळाबाहेर वीरगळ उभे असतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई व पडलेला वीर, वर त्यास नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र, अशी ती दगडातील गोष्ट खालून वर वाचावयाची असते. जीर्णोद्धाराच्या वेळी या दगडांवर ऑइलपेंटचे थर चढतात, नक्षी बुजते, कधी ते पायरीत किंवा गटारावर बसविले जातात. हेतू वाईट नसतो. सल्ला घेतलेला नसतो. ग्रामपंचायतीने अशा दगडांची यादी करून, छायाचित्रांसह, जिल्ह्याच्या संबंधित पुरातत्त्व कार्यालयास पाठवावी आणि रंगकामाचा ठराव करण्यापूर्वी त्या कार्यालयाचा अभिप्राय मागवावा. शाळेच्या मुलांना वीरगळाचे रेखाचित्र काढावयास दिल्यास यादीचे निम्मे काम त्यातच होते, आणि ती रेखाचित्रे लावण्यासाठी पंचायत कार्यालयाची एक भिंत पुरते.