डब्यांतील चिठ्ठी

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पहिल्या इयत्तेंत जाणारें एखादें धाकटें भावंड असेल. तें नुकतेंच अक्षरें लावूं लागलें आहे. दुकानावरील पाट्या, काड्यापेटीवरील नांव, जें दिसेल तें मोठ्यानें वाचण्याचा त्यास छंद लागला आहे. अशा भावंडाच्या मधल्या सुटीच्या डब्याबरोबर रोज दोन-चार शब्दांची एक चिठ्ठी द्यावी. मात्र ती कशी लिहावी याचा थोडा विचार करणें अवश्य आहे. कारण ती उघडली जाते तेव्हां जवळ आई नसते, ताई नसते. मूल एकटें असतें आणि शेजारीं बसलेले सोबती पाहत असतात. वाचतां आली, तर आपणांस वाचतां येतें ही गोष्ट त्यास कोणीं न सांगतां कळते. न आली, तर ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, किंवा ती गुपचूप पिशवींत जाते आणि दुसऱ्या दिवशींची चिठ्ठी उघडलीच जात नाहीं.

म्हणून जें अक्षर व जें चिन्ह शाळेंत झालें नाहीं तें चिठ्ठींत येऊं देऊं नये. हा नियम दिसतो तितका सोपा नाहीं. 'बाळ, डब्यांत लाडू आहे' हें वाक्य आपणांस अगदीं साधें वाटतें. परंतु त्यांत काना, अनुस्वार, उकार, मात्रा आणि वर जोडाक्षर, इतकीं सर्व आलीं. खुद्द 'चिठ्ठी' या शब्दांतहि जोडाक्षर आहे, आणि जोडाक्षरें बहुधा शेवटीं शिकवितात! याच्या उलट 'उघड. चव बघ.' या तीन शब्दांत काना नाहीं, मात्रा नाहीं, तरी पुरता अर्थ आहे. काना झाला म्हणजे 'आज खास खाऊ. दादाचा भाग राख.' इतकी मजल मारतां येते. असे शब्द जुळविण्यास लिहिणाराला बराच वेळ लागतो. भावंडाचें वाचनाचें पुस्तक जवळ घेऊन बसावें हें बरें.

ऱ्हस्व वेलांटी विशेष अडविते. 'किती' या शब्दांतील पहिली वेलांटी लिहितांना 'क'च्या आधीं येते, पण बोलतांना 'क'च्या मागून; डावीकडून उजवीकडे बोट फिरविणारें मूल तेथें हटकून अडखळतें. तसेंच 'चव' मधील च आणि 'चार' मधील च लिहिण्यांत एक, बोलण्यांत दोन. शब्द रोजच्या बोलण्यांतला असला म्हणजे मूल असा उच्चार आपोआप सुधारून घेतें. पंडिती भाषेचा येथें कांहींच उपयोग नाहीं.

आतां चिठ्ठींत लिहावें काय? १९०७ सालीं मारिया माँटेसरी यांनीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. वाचूं लागलेल्या मुलांकरितां त्यांनीं खेळण्यांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहून त्यांच्या घड्या घातल्या; जो चिठ्ठी बरोबर वाचील त्यास तें खेळणें मिळावयाचें. परंतु मुलांनीं खेळणीं बाजूस सारलीं आणि एकामागून एक चिठ्ठ्याच उघडून वाचण्याचा सपाटा लावला. पुढें त्यांनीं चिठ्ठ्यांवर आज्ञा लिहिल्या. मुलें त्या मनांत वाचून तशी कृति करूं लागलीं. तेव्हां 'अभ्यास कर', 'शहाणा हो' असलें कांहीं लिहूं नये. तें मूल दिवसभर ऐकतच असतें. 'लाडू किती? मोज.' हें बरें. उत्तर कागदाच्या पाठीमागें लिहावयास जागा ठेवावी.

कागद कोरा व अक्षर ठसठशीत असावें. दोन शब्दांत अंतर मोकळें सोडावें. चिठ्ठी अन्नास लागूं देऊं नये. ती रुमालाच्या घडींत ठेवावी. जेथें शाळेंतच माध्यान्ह भोजन मिळतें तेथें डबाच नसतो. तेथें ती दप्तरांत जाईल.

कित्येक घरांत आईस लिहितां येत नाहीं. तिनें काय करावें? मुंबईचे डबेवाले शंभराहून अधिक वर्षें झाकणावरील रंग, अंक व अक्षरें यांच्या खुणा वाचून हजारों डबे धन्याच्या हातीं पोंचवितात, आणि त्यांतील पुष्कळांचें शिक्षण बेताचेंच झालेलें असतें. खूण वाचणें हेंहि वाचणेंच. आईनें सूर्य काढावा, मासा काढावा. त्याखालीं एक शब्द थोरल्या भावंडानें लिहावा.

संध्याकाळीं 'वाचून दाखव पाहूं' असें म्हणूं नये. चिठ्ठीची मग परीक्षा होते. लाडू किती होते एवढेंच विचारावें. कांहीं दिवसांनीं रिकाम्या डब्यांतून उलट चिठ्ठी येते, बहुधा वेड्यावांकड्या अक्षरांत: 'भाजी नको.' अशा वेळीं ऱ्हस्वदीर्घ तपासत बसूं नये. आणि निदान दुसऱ्या दिवशीं तरी ती भाजी डब्यांत देऊं नये.