हिरड्याची जांभळी कसोटी

म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे १९६० नंतर तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यांच्याबरोबर त्यांचे वैद्यकही आले. त्या वैद्यकात एका फळास औषधींच्या राजाचे स्थान असून, भैषज्यगुरू बुद्धाच्या चित्रांत त्याच्या हाती त्याच वनस्पतीची डहाळी दिसते. तिबेटी भाषेतील हा ‘अरुरा’ म्हणजे आपला हिरडा. तिबेटच्या उंच व थंड पठारावर हा वृक्ष वाढत नाही. तेव्हा हे निर्वासित एका अर्थी आपल्या औषधाच्या माहेरीच आले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंपरेने गौरविलेल्या अशा वनस्पतीची परीक्षा रसायनशास्त्रज्ञ कशी घेतात, ते पाहू. उघडे राहिलेले तेल खवट होते, ते हवेतील ऑक्सिजनमुळे. या क्रियेत ‘मुक्त मूलके’ उत्पन्न होतात. मूलकातील एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून असतो. जोडी पुरी करण्यासाठी ते शेजारच्या रेणूवर झडप घालते. मग तो रेणूही मूलक बनतो आणि साखळी पुढे चालू राहते. स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडणारा पदार्थ म्हणजे प्रतिऑक्सिडीकारक. आपल्या शरीरातही अशी मूलके सतत निर्माण होत असतात.

मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ साली ‘नेचर’ नियतकालिकात एक सोपी कसोटी मांडली. डीपीपीएच नावाचे मूलक असामान्य टिकाऊ असून, त्याचा मेथॅनॉलमधील द्राव गर्द जांभळा असतो. त्यात वनस्पतीचा अर्क मिसळून मिश्रण सुमारे अर्धा तास अंधारात ठेवतात. अर्कात हायड्रोजन देणारी द्रव्ये असली, तर जांभळा रंग ओसरून पिवळट छटा येते. किती रंग गेला, हे ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने मोजतात आणि क जीवनसत्त्वाशी ताडून पाहतात.

हिरडा या कसोटीस चांगला उतरतो. श्रेय त्याच्या टॅनिनांचे. ज्या तुरटपणाने जीभ आखडते व ज्याच्या बळावर चामडे कमावले जाते, त्याचेच. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कर्नाटकात लोणच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या माकळी नावाच्या मुळाचीही अशी तपासणी केली आहे. मात्र नमुन्याची नोंद नीट हवी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत वेचला जाणारा कोवळा बाळहिरडा आणि पक्व फळ यांना एकच समजून चालत नाही. अर्क पाण्यात काढला की मद्यार्कात, यानेही आकडा बदलतो.

परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. हिरड्यातील मोठे टॅनिन-रेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात जात नाहीत. तेथील जीवाणू त्यांचे निराळेच पदार्थ करतात. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपायी पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन या नामांकित प्रतिऑक्सिडीकारकाच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट वाढलेला आढळला. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. अशाच दुसऱ्या एका नळीतील कसोटीवरून अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अंकांची यादी केली होती. विक्रेते तिच्या आधारे मालाची जाहिरात करू लागले, तेव्हा २०१२ मध्ये त्या विभागाने ती मागे घेतली.