घाटमाथ्यावरचा किनारा

दोन-तीन सुट्ट्या जोडून आल्या की नाशिककर समुद्राकडे निघतो. कोणी डहाणूला, कोणी अलिबागला, कोणी थेट दापोली-मालवणला. बाहेरचा माणूस नाशिकला येतो तो शिर्डी आणि त्र्यंबकेश्वर यांच्या मधल्या वेळात: रामकुंडावर अर्धा तास, काळारामाचे दर्शन, की गाडी पुढे. या दोघांनाही एकच सांगणे आहे. पश्चिम किनाऱ्यावरची जुनी बंदरे समजून घेत एक निवांत दिवस काढायचा असेल, तर तो नाशिकमध्ये काढावा. समुद्राचा थेंबही न दिसणाऱ्या गावाबद्दल हे विधान आधी खटकेल. पण नकाशा समोर ठेवून बघा. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते तिथून अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटरवर आहे, आणि ती त्याच्याकडे पाठ फिरवून 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. याच जिल्ह्याच्या दिंडोरी, पेठ, सुरगाणा भागातल्या दमणगंगा आणि पार या नद्या मात्र पश्चिमेला उतरून गुजरातच्या किनाऱ्यावर समुद्र गाठतात. पाण्याची वाटणी ज्या रेघेवर होते त्या रेघेलगत हे गाव आहे. खालच्या बंदरात उतरलेला माल थळघाट, म्हणजे आजचा कसारा घाट, चढून वर आला की देशावरची पहिली मोठी पेठ हीच.

दिवसाची सुरुवात पांडवलेण्यांपासून करावी. शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे आणि त्याच्या उत्तरेकडच्या कड्यात 24 लेणी आहेत. पायऱ्या आहेत, पण सकाळच्या गारव्यात त्या जाणवत नाहीत. बहुतेक लोक मूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि उतरतात. दहाव्या लेण्याच्या ओसरीत मात्र थांबायला हवे. आतल्या भिंतीवर, छताला लागून, ब्राह्मी अक्षरांच्या लांब ओळी आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांची ही नोंद. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही यादी वाचत गेले की डोंगर मागे पडतो आणि किनारा समोर येतो. भरुकच्छ म्हणजे भडोच आणि शूर्पारक म्हणजे सोपारा इथे बांधलेल्या चौसोपी धर्मशाळा. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहणुका या सहा नद्यांवर फुकट चालवलेल्या नावा. शिवाय त्यांच्या दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी निवारे आणि पाणपोया. नानंगोल नावाच्या गावात दान दिलेली 32,000 नारळाची झाडे. पारदा, दमणा, दाहणुका ही नावे आजही पार, दमणगंगा आणि डहाणू या रूपांत जिवंत आहेत. डहाणूच्या खाडीवर तर कधी कोणी नाव मोफत केली होती, हे डहाणूला जाऊन कळत नाही. ते नाशिकच्या डोंगरात लिहून ठेवलेले आहे.

इथे पहिला आक्षेप येईल. हे अभ्यासकांचे काम झाले, ब्राह्मी न येणाऱ्या माणसाला त्यात काय दिसणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा निम्मा दोष व्यवस्थेचा आहे. प्रत्येक मोठ्या लेखाशेजारी त्याचा पूर्ण मराठी अर्थ ठळक अक्षरांत असायला हवा. पण उरलेल्या निम्म्या आक्षेपाला उत्तर त्या लेखांतच आहे, कारण त्यातला विषय कोणालाही कळेल असा, रोजच्या हिशेबाचा आहे. याच लेण्यातला दुसरा लेख सांगतो की उषवदाताने 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोदेकाठच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे 2,000, महिना शेकडा एक दराने, आणि दुसरीकडे 1,000, महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे, म्हणजे बरोबर 240. मूळ रकमेला हात लावायचा नाही, अशी अटही घातलेली आहे. बँकेतली मुदत ठेव ज्याला समजते त्याला हा लेख समजतो. आणि त्याच लेखाच्या शेवटी पुन्हा नारळ येतात: चिखलपद्र गावची 8,000 झाडे. गोदेकाठचे विणकर, डोंगरातले भिक्षू आणि नारळीच्या बागा एकाच ताळेबंदात बसवणारे नगर किनाऱ्यापासून तुटलेले कसे म्हणावे?

तिसऱ्या लेण्यात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ऐकू येते. नहपानाच्या क्षहरात वंशाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा लेख तिथे आहे. आपल्या मुलाची थोरवी सांगताना ही आई म्हणते की त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते. राजाचे कौतुक म्हणून त्यातली अतिशयोक्ती वजा करावी, पण मोठेपण मोजायला तिला समुद्रही आठवला हे ध्यानात घ्यावे. नहपानाच्या पाडावाचा ढीगभर पुरावा 1906 मध्ये जोगलटेंभीला सापडला. गोदाकाठच्या या गावात नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. मूळ नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त तर स्वतःला उत्तरेकडचा यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो. अंजनेरीला, त्र्यंबक रस्त्यावर, नाण्यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. दिवस मोकळा असेल तर दुपार तिकडे घालवायला हरकत नाही.

पण मग थेट सोपाऱ्यालाच का जाऊ नये? जावे, अवश्य जावे. तिथे स्तूपाचे अवशेष आहेत आणि 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथेच सापडला. मात्र ज्या खाडीत परदेशी जहाजे येत होती ती गाळाने भरली आणि भोवती मुंबईची दाट वस्ती उभी राहिली. बंदर म्हणून डोळ्यांना दिसेल असे तिथे फार थोडे उरले आहे. समुद्रकाठी सगळेच हलते: वाळू, खाडी, वस्ती. घाटमाथ्यावरचा काळा दगड हलत नाही. म्हणून किनाऱ्याचे दप्तर डोंगरात सापडते.

संध्याकाळ गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि घाटाला गंगाघाट. रामकुंडापासून चार पावलांवर नारोशंकराचे मंदिर आहे, 1747 मध्ये सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेले. त्याच्या तटावरची भली मोठी पोर्तुगीज घंटा वसईची, चिमाजी अप्पांच्या 1739 च्या विजयाची खूण, असे सांगतात. ही परंपरा आहे, शिलालेख नव्हे, आणि तेवढे अंतर मनात ठेवूनच ती ऐकावी. पण भीमाशंकर आणि मेणवली इथल्या घंटांचीही हीच कथा आहे, तेव्हा तिला निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला सारणेही बरोबर नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाला नाशिकमध्ये अजून नारोशंकराची घंटा म्हणतात. चर्चच्या मनोऱ्यातून आलेली वस्तू गावाच्या बोलण्यात इतकी मुरली आहे. जवळच दुतोंड्या मारुती पात्रात उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून गाव पूर मोजते.

घाट अस्वच्छ असतो, गर्दीचा असतो, ही तक्रार खोटी नाही. पात्रात ओतलेल्या काँक्रीटने जुन्या कुंडांचे झरे बुजले, ही त्याहून मोठी जखम आहे, आणि 2027 च्या सिंहस्थासाठी बांधकामे वाढतील तेव्हा तिचा विसर पडता कामा नये. तरीही गर्दी हे न थांबण्याचे कारण होत नाही. दर्शनाची रांग एका ठिकाणी असते. भांडीबाजारातून, तांबट लेनमधून, सराफ बाजाराच्या अरुंद उतारावरून पायी नदीकडे येणाऱ्याला गावाची मूळ रचना दिसते: पेठ वर, नदी खाली आणि मधल्या गल्ल्या मालाची ने-आण करणाऱ्या. गाडी बाहेर ठेवून चालावे लागते, आणि हे चालणे अर्ध्या तासाच्या मुक्कामात बसत नाही.

ज्याला एवढ्यानंतरही लाटाच हव्या असतील त्याने दुसऱ्या दिवशी पेठच्या रस्त्याने खाली उतरावे. दमणगंगा पेठ तालुक्यातून वाहत दमणजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठावर वाटसरूला एकेकाळी नाव फुकट मिळत होती, पाणीही मिळत होते.