जर्मन पंक आणि आपला फड

अंथुर्ण्याच्या पोराने जर्मन पंकवर लिहायचं म्हणजे उसाच्या फडात पियानो नेऊन ठेवल्यासारखं वाटेल. पण थांबा, हा रस्ता तमाशाच्या फडावरूनच जातो.

१९७८ साली पश्चिम बर्लिनमधल्या नीना हागन बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम आला. नीना ऑपेराचं गाणं शिकलेली, १९७६ मध्ये पूर्व जर्मनी सोडून आलेली. या अल्बममध्ये ती पंकवाल्यांसारखी खेकसते, मधेच ऑपेराचा उंच सूर लावते, मधेच चक्क सोंग आणते. ऐकणारा चक्रावतो, की हे नक्की आहे तरी काय?

त्याच वर्षी पुण्यात थिएटर अकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणलं. लेखक पु. ल. देशपांडे, दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ नाटक बर्लिनचंच: ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं १९२८ मधलं 'थ्रीपेनी ऑपेरा'. त्यात नायक दरोडेखोर, आणि भीक मागणं हासुद्धा रीतसर धंदा!

ब्रेख्तची युक्ती साधी होती. प्रेक्षक गोष्टीत वाहून जायला लागला की मधेच गाणं टाकायचं. गोष्ट थांबते, माणूस शुद्धीवर येतो आणि विचार करतो. आता सांगा, आपल्या तमाशात वेगळं काय होतं? सोंगाड्या गोष्ट अडवतो, थेट लोकांशी बोलतो, पाटलाचीही टोपी उडवतो. म्हणून पुलंना हा जर्मन माल उसना वाटू न देता मांडता आला.

संगीतात नाट्यगीत, लावणी आणि रॉक शेजारी-शेजारी बसले. दरोडेखोर अंकुश झाला होता नंदू भेंडे, इंग्रजी रॉक गाणारा गायक. खानदानी चाल आणि उडती चाल एकाच रंगमंचावर आली, की साव कोण आणि चोर कोण हे ओळखणं अवघड होतं. सरमिसळीचं खरं काम तेच. गंमत म्हणजे पुढे नीनाही 'थ्रीपेनी ऑपेरा'च्या एका ध्वनिमुद्रणात मिसेस पीचम म्हणून गायली.

हे सगळं सांगायचं कारण आपलं गॅदरिंग. तिथे लावणी म्हटली की 'गावठी' म्हणून शिट्ट्या, आणि मराठीत रॉक म्हटलं की हसू. गावाकडून आलेला पोरगा मग गाणंच सोडून देतो. बर्लिनवाल्यांनी जे खटपट करून जमवलं, ते आपल्या जत्रेत आधीपासून आहे. तेव्हा यंदा गिटार आणि ढोलकी एकत्र येऊ द्या की राव!