मानेवरचे केस का टिकतात?

पावसाळ्यात वणीला निर्गुडेच्या काठी, ओल धरलेल्या जागी माका माजतो. खरखरीत पानं आणि सदऱ्याच्या गुंडीएवढी पांढरी फुलं. त्याचा देठ मोडून तळहातावर चोळा आणि बघत राहा. आधी हिरवी ओल, मग शेवाळी, आणि जरा वेळात हात शाईत बुडवल्यासारखा काळा! हे झाड केसांसाठीच जन्मलंय, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

आजी त्याचं तेल काढायची. पाट्यावर वाटलेला माका, त्याचा गाळलेला रस आणि तिळाचं तेल, सगळं लोखंडी कढईत मंद आचेवर. किती वेळ, ते घड्याळ सांगायचं नाही. कढईतला चोथा बोटांत वळून ती त्याची वात करायची आणि विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी अजून शिल्लक; मुकाट जळली तर तेल झालं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तेल सिद्ध झाल्याची हीच खूण दिली आहे. आजीनं तर ग्रंथ उघडलाही नव्हता.

"रोज लावत जाय बापू," ती काकांना म्हणायची. काकांनी पंचविशीपासून नेम धरला. तरी दहा वर्षांत टाळू उघडी पडली, आणि कानांच्या वर, मानेवर मात्र केस दाट ते दाटच. तेल तेच, हात तोच, डोकंही एकच. मग असं का?

उत्तराचा पहिला धागा अमेरिकेत 1942 साली सापडला. जेम्स हॅमिल्टन यांनी पाहिलं की वयात येण्याआधीच वृषणं गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक टोचलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागले. या संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचं आणखी जोरकस रूप बनतं. हेच डीएचटी छातीवर आणि हनुवटीवर केस वाढवतं, आणि टाळूवरच्या मुळांना मात्र आखडायला लावतं! एकाच निरोपाचा दोन ठिकाणी उलटा अर्थ लागतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मूळ मरत नाही. डोक्यावरचा निरोगी केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, असा दोन ते सहा वर्षं वाढतो. आखडत्या मुळाचा केस लवकर गळतो, पुढचा आणखी बारीक येतो आणि शेवटी नुसती लव उरते. उन्हात तिरपं पाहिलं तर काकांच्या टाळूवर ती दिसते. तेलानं असलेला केस मऊ राहतो, कमी तुटतो. माक्याच्या अर्कानं उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण त्यानं माणसाचं टक्कल भरून येतं, असा भक्कम पुरावा नाही.

चकत्या-चकत्यांनी केस जातात, त्या चाईची गोष्ट वेगळी. तिथे शरीराची संरक्षक फौजच मुळांवर चालून जाते. बगदादच्या डॉक्टरांनी 2002 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. चाईवर कांद्याचा रस लावलेल्या 23 जणांपैकी 20 जणांना सहा आठवड्यांत केस आले. साधं पाणी लावलेल्यांत हे प्रमाण फारच कमी होतं. चाई पुष्कळदा आपोआपही भरते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. आणि चाईवर गुंज उगाळून लावायचा जुना उपाय कुणी घरी करू नये. गुंजेच्या बीत जहाल विष असतं.

काकांच्या मानेवरच्या केसांचं उत्तर 1959 साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी छापलं. डोक्यामागच्या कातडीचे बारीक तुकडे त्यांनी टकलावर रोवले होते. रोवलेले केस नव्या जागी तगले, वाढत राहिले. डीएचटीला दाद न देण्याचा मानेवरचा स्वभाव ते मुळातच सोबत घेऊन आले होते.

आजीची कढई आता माझ्याकडे आहे. श्रावणात माका आणतो, वात वळून विस्तवावर धरतो आणि कान देऊन ऐकतो.